आऊटबोर्ड इंजिनाची वाढलेली मंदगती : कारणे आणि तपासणीची पद्धत

पावसाळा ओसरू लागला की कोकणच्या किनाऱ्यावर पुन्हा लगबग सुरू होते. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक मासेमारी थांबलेली असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि त्यांची इंजिने घराच्या पडवीत किंवा ताडपत्रीखाली विसावलेली असतात. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण झाला की ही इंजिने बाहेर निघतात. पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या मालवणच्या होड्या, खाड्यांतील लहान मासेमारी नौका, कोयनेच्या शिवसागर जलाशयातील प्रवासी बोटी आणि पूरग्रस्त भागात धावून जाणाऱ्या बचाव नौका या सर्वांचा भार बहुतांशी आऊटबोर्ड इंजिनावर असतो. नौकेच्या मागील फळीवर बाहेरून बसविलेले हे इंजिन गेल्या काही दशकांत पुष्कळ बदलले आहे. कार्ब्युरेटरची जागा इंधन अंतःक्षेपणाने, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने मोजून इंधन सोडणाऱ्या इंजेक्टरने घेतली. त्यामुळे इंधनाची बचत झाली, धूर कमी झाला आणि इंजिन सुरू करणे सोपे झाले. दोष शोधण्याची रीत मात्र बदलली. आणि ही नवी रीत माहीत नसल्यामुळे लहानशा दोषातून मोठी हानी ओढवते.

अशा दोषांपैकी एक म्हणजे वाढलेली मंदगती. गिअर न्यूट्रलमध्ये आणि थ्रॉटल पूर्ण बंद असताना इंजिन ज्या गतीने शांतपणे चालत राहते, ती त्याची मंदगती होय. फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिनांत ती सामान्यतः मिनिटाला ६५० ते ९०० फेऱ्यांच्या दरम्यान असते. प्रत्येक नमुन्याचा नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत, आणि पुष्कळदा इंजिनाच्या झाकणाखालील पट्टीवर दिलेला असतो. ही गती १२०० किंवा १५०० फेऱ्यांवर जाऊन तेथेच राहिली, की कारागीर म्हणतात, इंजिन रेस धरते.

दुर्लक्ष का करू नये?

इंजिन बंद पडत नाही, जोरात चालते, मग बिघडले काय, असा विचार करून अनेक चालक या दोषाकडे काणाडोळा करतात. त्यात दोन धोके आहेत.

पहिला धोका यंत्राला. आऊटबोर्ड इंजिनाच्या खालच्या भागात मोटारगाडीसारखा घर्षणाचा क्लच नसतो. तेथे दात असलेला एक क्लच पुढे किंवा मागे सरकून गिअरच्या दातांत एकदम अडकतो. इंजिन ७०० फेऱ्यांवर असताना हा आघात सौम्य असतो. तेच इंजिन १४०० फेऱ्यांवर असेल, तर दातांवर मोठा दणका बसतो. असे वारंवार घडले की दातांच्या कडा गोल होतात, आणि पुढे भर समुद्रात भार येताच गिअर आपोआप निसटू लागतो. खालचा भाग उघडून गिअर व क्लच बदलणे हे खर्चाचे काम आहे. ज्या किरकोळ दोषातून ते उद्भवते, तो दूर करण्यास पुष्कळदा रबरी नळीचा एखादा तुकडा पुरतो.

दुसरा धोका माणसांना. गिअर टाकताच नौका हळू निघण्याऐवजी उसळी घेते. धक्क्याला लागताना किंवा प्रवासी चढत-उतरत असताना अशी उसळी बसली, तर उभा माणूस पाण्यात पडू शकतो, आणि मागे पंखा फिरत असतो. पूरपाण्यात छतावरून माणसे उतरवून घेणाऱ्या बचाव नौकेला तर हळू सरकणे हेच सर्वांत मोठे कौशल्य असते. म्हणून मंदगती हा आरामाचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

मूळ तत्त्व : गती हवेवर अवलंबून

पेट्रोल इंजिनाची गती मुख्यतः त्यात शिरणाऱ्या हवेवर ठरते. थ्रॉटलची चकती उघडली की हवा वाढते, नियंत्रक त्या प्रमाणात इंधन सोडतो आणि गती वाढते. मंदगतीच्या वेळी ही चकती जवळजवळ बंद असते. इंजिन जिवंत ठेवण्यापुरती हवा तिला वळसा घालून एका लहान मार्गाने आत जाते. या मार्गावर विजेवर चालणारी एक झडप असते. तिला मंदगती हवा-झडप म्हणता येईल; कारागीर तिला आयएसी व्हॉल्व्ह या नावाने ओळखतात.

ही झडप किती उघडावी हे ईसीयू नावाचा नियंत्रक ठरवितो. त्यासाठी तो क्रँकशाफ्टची गती, थ्रॉटलची स्थिती, इनटेक मॅनिफोल्डमधील हवेचा दाब आणि इंजिनाचे तापमान यांची माहिती निरनिराळ्या सेन्सरांकडून घेतो. गती वाढली तर झडप मिटतो, कमी झाली तर उघडतो. म्हणून मंदगती वाढलेली आढळली, तर मूलतः दोनच शक्यता उरतात. एक, नियंत्रकाच्या नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध जास्त हवा आत शिरत आहे. दोन, काही कारणाने नियंत्रकच जास्त गती मागत आहे. पुढील सर्व तपासणी या दोन प्रश्नांचा निकाल लावण्यासाठीच असते.

येथे जुन्या अनुभवाची एक फसवणूक सांगितली पाहिजे. कार्ब्युरेटरच्या इंजिनात कोठून तरी फुकटची हवा शिरली, की मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळते. परंतु ज्या अंतःक्षेपण इंजिनात मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचे मोजमाप होते, तेथे फुकटच्या हवेने दाब वाढतो, नियंत्रक ती खरी हवा समजतो आणि तितके इंधन देतो. इंजिन अडखळत नाही; ते सुरळीतपणे, पण जास्त गतीने चालते. त्यामुळे आवाज गुळगुळीत आहे, अर्थात गळती नाही, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

दोष खरोखर आहे का?

हत्यारे हाती घेण्यापूर्वी चार गोष्टींची खात्री करावी.

पहिली, इंजिन गरम झाले आहे का? थंड इंजिन सुरू केल्यावर नियंत्रक काही मिनिटे मुद्दाम जास्त गती ठेवतो. ती १००० फेऱ्यांच्या वर जाणे स्वाभाविक आहे. सुमारे दहा मिनिटे चालवूनही गती उतरली नाही, तरच दोष मानावा.

दुसरी, गतिदर्शक खरे सांगतो का? अनेक गतिदर्शकांच्या पाठीमागे इंजिनाच्या जनित्रानुसार जुळवावयाची खूण असते. ती चुकीच्या ठिकाणी असेल तर काटा खोटा आकडा दाखवितो. दुसऱ्या विश्वसनीय मापकाने पडताळणी करावी.

तिसरी, मंद मासेमारीसाठी गती कमी-जास्त करण्याचे बटण कोणी दाबून ठेवले आहे का? तसेच न्यूट्रलमध्ये थ्रॉटल उघडण्याची सोय नियंत्रण खोक्यात असते. ती अर्धवट दाबलेली राहिली आहे का, हेही पाहावे.

चौथी, बॅटरी उतरली आहे का? काही इंजिनांत बॅटरीचा दाब कमी झाला की तिला भारित करण्यासाठी नियंत्रक स्वतःच मंदगती वाढवितो. अशा वेळी दोष इंजिनात नसून बॅटरीत किंवा तिच्या गंजलेल्या जोडांत असतो.

गती कशी वाढली आहे हेही लक्षपूर्वक ऐकावे. गती स्थिरपणे वाढलेली असेल, तर बहुधा हवेचा मार्ग किंवा थ्रॉटल यांकडे बोट जाते. ती सतत वरखाली होत असेल, तर नियंत्रण यंत्रणा झगडत आहे असे समजावे. गती कमी होऊन इंजिन बंद पडत असेल, तर तो निराळा आणि बहुधा इंधनाचा विषय आहे.

तपासणीपूर्वी दक्षता

इंजिन कोरडे कधीही चालवू नये. ते पाण्यात असावे किंवा गोड्या पाण्याचा पुरवठा जोडलेला असावा. अन्यथा पाण्याच्या पंपाचे रबरी पाते थोड्याच वेळात जळते. जमिनीवर चालविताना पंखा काढून ठेवावा. जागा मोकळ्या हवेची असावी. झाकण काढल्यावर चक्र उघडे पडते. सैल कपडे, टॉवेल आणि मोकळे केस त्यापासून दूर ठेवावेत. आपत्कालीन बंद-दोरी तपासणाऱ्याच्या अंगाला अडकविलेली असावी.

तपासणीचा क्रम

१. केबल आणि दांडे : सर्वांत साधे कारण सर्वांत आधी तपासावे. इंजिन बंद करून थ्रॉटलची केबल इंजिनाकडील टोकाला सोडवावी. थ्रॉटलचा दांडा हाताने उघडून सोडून द्यावा. तो स्प्रिंगच्या जोराने झटकन मागे येऊन आपल्या थांब्याला टेकला पाहिजे. तो रेंगाळला, तर चकतीच्या आसाभोवती मीठ किंवा चिकटा जमला आहे. दांडा नीट टेकत असेल, तर केबल सोडलेली ठेवूनच इंजिन सुरू करावे. गती योग्य झाली, तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या जुळणीत आहे हे सिद्ध झाले. केबल जास्त ताणून बसविल्यास ती चकतीला किंचित उघडे धरून ठेवते. केबल जोडलेली असताना इंजिन दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही पाहावे. वळविताच गती बदलत असेल, तर केबल कोठे तरी आवळली किंवा मुडपली आहे. आतून गंजलेली केबल तेल सोडून चालवीत राहण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर.

२. मंदगती हवा-झडप : केबलचा दोष नसेल, तर झडपेकडे वळावे. तिच्या हवेच्या मार्गाचे तोंड हाताला लागत असेल, तर इंजिन चालू असताना ते रबरी बुचाने क्षणभर बंद करावे. गती एकदम उतरली, तर जादा हवा या झडपेतूनच येत आहे. काहीच फरक पडला नाही, तर झडप आधीच मिटलेली आहे आणि हवा दुसरीकडून शिरत आहे. या एका चाचणीने अर्धे काम होते.

३. हवेची गळती : हवा दुसरीकडून येत असेल, तर थ्रॉटल बॉडीचे गॅस्केट, इनटेक मॅनिफोल्डचे जोड आणि त्यांना जोडलेल्या लहान रबरी नळ्या तपासाव्यात. पावसाळ्यात ठेवून दिलेल्या इंजिनाच्या नळ्या उंदीर कुरतडतात, आणि उष्णतेने जुने रबर तडकते. प्रत्येक नळी मऊ जबड्याच्या चिमट्याने थोडा वेळ दाबून पाहावी. जी दाबताच गती उतरते, तिच्याच पुढे गळती आहे. जोड तपासण्यासाठी कार्यशाळेतील धुराचे यंत्र उत्तम. गरम, चालू इंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारून गळती शोधण्याची प्रथा आगीला आमंत्रण देणारी असल्याने टाळावी.

४. तापमान : झडपेतून जादा हवा येत असल्याचे आढळले, तर झडप अडकली आहे की नियंत्रकानेच ती उघडली आहे, हे ठरवावे लागते. निदान यंत्र जोडून नियंत्रकाला दिसणारे तापमान वाचावे आणि इंजिनाच्या डोक्यावरील प्रत्यक्ष तापमान बाहेरून मोजावे. दोन्ही कमी असतील, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. वाळूचा कण किंवा शंखाचा तुकडा त्याच्या बैठकीत अडकला, तरी तो मिटत नाही. मग थंड पाणी अखंड फिरते, इंजिन कधीच गरम होत नाही आणि नियंत्रक थंडीतली गती सोडत नाही. थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात तापमापकासह गरम करून तपासावा. समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या या इंजिनांत तो मोटारगाडीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला, साधारणतः ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, उघडतो. इंजिन प्रत्यक्षात गरम असून नियंत्रकाला मात्र थंड दिसत असेल, तर सेन्सर किंवा त्याची तार सदोष आहे. या सेन्सरचा विद्युतरोध उष्णतेने कमी होतो. म्हणून तार तुटून रोध अमर्याद झाला, की ती खूण कडाक्याच्या थंडीसारखी असते.

५. थ्रॉटल स्थितीचा सेन्सर : थ्रॉटल बंद आहे हे नियंत्रकाला या सेन्सरवरून कळते. चकती बंद असतानाचा त्याचा विद्युतदाब पुस्तिकेशी ताडून पाहावा, आणि चकती हळूहळू उघडताना तो खंड न पडता वाढतो का, हे पाहावे. थ्रॉटल किंचित उघडा असल्याची खोटी खूण मिळाली, तर नियंत्रक मंदगती सांभाळण्याचे काम नीट करीत नाही.

६. झडपेची स्वच्छता : नियंत्रक झडप मिटण्याची आज्ञा देत असूनही तिच्यातून हवा येत असेल, तर ती काजळी किंवा मिठाने अडकली आहे. ती काढून हवेचा मार्ग योग्य द्रावणाने स्वच्छ करावा. विजेचा भाग द्रावणात बुडवू नये आणि आतील दांडा जोर लावून ओढू नये. बसविताना नवे रबरी कडे वापरावे. एवढ्याने ती सुटली नाही, तर बदलावी.

ज्या मोठ्या इंजिनांत केबलच नसते आणि थ्रॉटलही विजेवर चालते, तेथे चकती हाताने हलवू नये. अशी तपासणी निदान यंत्रासह प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

एक उदाहरण

समजा, चार सिलिंडरच्या एका इंजिनाची योग्य मंदगती ७०० आहे आणि ते गरम झाल्यावरही १३०० फेऱ्यांवर चालते. केबल सोडविली, फरक नाही. हवा-झडपेचे तोंड बंद केले, फरक नाही. निदान यंत्रावर तापमान ५५ अंश, थ्रॉटल बंद आणि झडपेला मिटण्याची आज्ञा दिलेली दिसते. याचा अर्थ स्पष्ट आहे : नियंत्रक गती उतरविण्यासाठी जे करता येईल ते सर्व करून बसला आहे, आणि हवा त्याच्या ताब्याबाहेरच्या वाटेने शिरत आहे. आता नळ्या एकेक करून दाबल्या. तिसरी नळी दाबताच गती कोसळली, क्षणभर इंजिन थरथरले आणि ७०० वर स्थिरावले. कारण गळती थांबताच नियंत्रकाने झडप पुन्हा हवी तेवढी उघडली. नळीच्या खालच्या बाजूस उंदराच्या दातांचे छिद्र आढळले. नळी बदलली आणि काम संपले.

याच ठिकाणी घाई केली असती तर काय झाले असते? कार्ब्युरेटरच्या सवयीने कारागीराने थ्रॉटलच्या थांब्याचा स्क्रू फिरविला असता. हा स्क्रू कारखान्यात मोजून बसविलेला असतो आणि त्यावर बहुधा रंगाची खूण केलेली असते. तो फिरविल्याने चकतीची मूळ स्थिती बिघडते, स्थितीच्या सेन्सरची खूण बदलते, प्रसंगी चकती नळीत रुतून बसते. आणि मूळ छिद्र तसेच राहते. नंतर येणाऱ्या तंत्रज्ञाला एकाऐवजी दोन दोष शोधावे लागतात. इंधन अंतःक्षेपण इंजिनाची मंदगती स्क्रूने जुळवावयाची नसते, हा या विषयातील पहिला धडा होय.

समुद्रात असताना दोष उद्भवल्यास

वाटेतच इंजिनाने रेस धरली, तर तांडेलाने गोंधळून जाऊ नये. गिअर टाकणे अपरिहार्य असेल, तर तो भीत भीत, रेंगाळत टाकू नये. एका ठाम हालचालीत टाकावा. अर्धवट अडकलेले दात एकमेकांवर घासून अधिक झिजतात. गिअर टाकण्यापूर्वी सर्व प्रवाशांना खाली बसवावे. धक्का जवळ येताच, पुरेसे अंतर राखून इंजिन बंद करावे आणि उरलेली वाट वल्ह्याने, बांबूने किंवा दोर फेकून पूर्ण करावी. पाण्यात माणूस असेल, तर न्यूट्रलवर विसंबून न राहता इंजिन बंदच करावे. परत आल्यावर दुरुस्ती होईपर्यंत त्या नौकेतून प्रवासी नेऊ नयेत.

प्रतिबंधक काळजी

या दोषांपैकी बहुतेक मीठ, उंदीर आणि जुने रबर यांच्यामुळे निर्माण होतात. खाऱ्या पाण्यातून परतल्यावर इंजिन गोड्या पाण्याने आतून धुवावे. पावसाळ्यापूर्वी थ्रॉटलचे सांधे व केबलची टोके स्वच्छ करून त्यांना सागरी ग्रीस लावावे. इंजिन उभे, कोरड्या जागी ठेवावे; हवेच्या तोंडावर बारीक जाळी बांधावी, म्हणजे उंदीर, पाली आणि कुंभारमाशी आत घर करणार नाहीत. हंगाम सुरू करताना ही जाळी आठवणीने काढावी.

इंधनाकडेही लक्ष असावे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले; अनेक आऊटबोर्ड उत्पादक मात्र १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाचीच शिफारस करतात. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या रबराला अपाय करू शकते. म्हणून आपल्या इंजिनाची पुस्तिका पाहावी आणि पावसाळाभर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये.

शेवटी, प्रत्येक इंजिनाची एक वही असावी. इंजिन नीट चालत असताना त्याची गरम मंदगती, तापमान आणि बॅटरीचा दाब तीत नोंदवून ठेवावा. निरोगी इंजिनाचे आकडे हाताशी असले, की आजारी इंजिनाचे निदान सोपे होते. धक्क्यावर नौका हळुवार टेकली, वृद्ध प्रवासी हात धरून निर्धोकपणे उतरला, की त्या शांत क्षणामागे मिनिटाला ७०० फेऱ्यांचे एक बिनचूक गणित उभे असते. ते सांभाळणे प्रत्येक चालकाच्या आवाक्यात आहे.